दिसलं, का वाटलं?

आमच्या ऑफिसात भिंतीला एक खिळा होता आणि त्याभोवती एक गोल डाग, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. तिथे पूर्वी घड्याळ होतं. ते दोन मिनिटं मागे पडायचं. मॅडम रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी खुर्चीवर चढून ते उतरवलं, मालकांच्या टेबलावर उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "हे खोटं सांगतं."

"अहो, दोन मिनिटांनी काय होतंय?" मालक म्हणाले.

पुढे कुणी नवं घड्याळ आणलं नाही.

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. ऑफिस पेणला, गणपतीच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही सगळी मिळून नऊ माणसं. रासायनिक कारखान्यांत वायुगळती झाली तर भोंगा वाजवणारे बॉक्स आम्ही बनवायचो. खाली मूर्ती घासायला लागले की पांढरी धूळ जिन्याने वर यायची. मॅडमनी खालच्या कारागिरांकडून एक जुना मऊ ब्रश मागून आणला होता. सकाळी आल्या आल्या त्या प्रत्येक बॉक्सवरून तो फिरवत, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी बोलायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, सुती साडीखाली पळायचे बूट घालणाऱ्या. घरचे सगळे प्राध्यापक नाहीतर डॉक्टर, कुणी पुण्यात, कुणी परदेशात. मॅडम बंगळूरला मोठ्या पगारावर होत्या. आई आजारी म्हणून पेणला आल्या. आई गेली. मॅडम राहिल्या. का राहिल्या, ते मालकांनी एकदा विचारलं होतं. "अजून परत जायचं कारण सापडलं नाही," एवढंच उत्तर मिळालं.

त्यांचा एक प्रश्न होता. तुम्ही काहीही सांगितलंत, की तो यायचा. "मॅडम, केबल सैल आहे." "दिसली, का वाटलं?" "मॅडम, कस्टमर चिडलाय." "चिडलेला दिसला, का वाटलं?" पहिल्या महिन्यात मला याचा इतका राग आला होता, की मी घरी जाऊन आईला त्यांची नक्कल करून दाखवायचे. नंतर माझ्या लक्षात आलं, की त्या हे फक्त आम्हालाच विचारत नाहीत. एकदा बाजारात मी त्यांच्याबरोबर होते. कोळणीने बोंबील ताजे असल्याचं सांगितलं.

"कधी पकडले?" मॅडमनी विचारलं.

"सकाली."

"तुम्ही पाहिलंत?"

"गो बाय, मी काय व्हडीत बसले व्हते?" कोळीण म्हणाली. "मना जसा सांगितला तसा मी सांगते."

मॅडम खूश झाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मासे दुसऱ्या कुणाकडून घेतले नाहीत.

प्रवासातही त्यांची अशीच तऱ्हा. रोह्याला आमची बरीच गिऱ्हाइकं. कंपनीची गाडी असली तरी मॅडम रेल्वेने जात, आणि डोक्यात काही आलं की मधल्याच स्टेशनवर उतरत. कासूला मी त्यांना दोनदा असं उतरताना पाहिलंय. "तू हो पुढे," म्हणायच्या. "गाडी हलते, त्याने विचार नीट लागत नाही." मग पुढची गाडी येईपर्यंत बाकावर ताठ बसून राहायच्या. त्या मार्गावर पुढची गाडी काही लगेच येत नाही.

आता कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या बॉक्समध्ये एक छोटा संगणक असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, तो कर्नल. सेन्सरशी बोलणारा आमचा प्रोग्राम म्हणजे या कर्नलला मागाहून जोडायचा एक तुकडा. त्याला मॉड्यूल म्हणतात. बॉक्स सुरू होताना हे मॉड्यूल चढतं, आणि चढत असतानाच कर्नल त्यातल्या काही सूचना जागच्या जागी बदलतो. सेन्सर सापडेपर्यंत एका ठिकाणी 'काही करू नकोस' अशी सूचना असते. सेन्सर सापडला, की तीच पुसून तिथे 'वाचायला जा' अशी लिहिली जाते. म्हणजे आपण फाइलमध्ये लिहिलेला कोड वेगळा आणि प्रत्यक्ष चालतो तो वेगळा. यात काही बिघडलं, तर फाइल वाचून काही हाती लागत नाही. मॅडमना या भागाचा धाक होता. त्यात काम करताना त्या चहा घेत नसत.

तर एका दुपारी रोह्याच्या एका कारखान्यात लाईट गेली आणि दोन मिनिटांत आली. अर्ध्या तासाने एका पंपाचं सील फुटलं. रसायनाची वाफ पसरली. आमचा भोंगा वाजला नाही. कंत्राटावरचा एक कामगार पंपाजवळच बेशुद्ध पडला. बरोबरच्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं म्हणून वाचला. नऊ दिवस दवाखान्यात होता.

संध्याकाळी कुणीतरी आमचा बॉक्स बंद करून चालू केला, तर तो उत्तम चालत होता. पॅनल रूममध्ये भोंगा गप्प करायचं एक बटन असतं. बॉक्स चांगला आणि भोंगा वाजला नाही, म्हणजे बटन दाबलं गेलं, असा हिशेब लागला. त्या शिफ्टला पॅनलवर यशवंत म्हात्रे होते. खाडीकाठच्या गावातले, बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांना सस्पेंड केलं. आमच्याकडून बॉक्सची तपासणी मागवली, आणि ती करायला मी गेले. चाचणीचा गॅस तीनदा सोडला, भोंगा तीनदा वाजला. मी लेटरहेडवर 'बॉक्स निर्दोष' असं लिहून सही केली.

परत आल्यावर मॅडमनी कागदाची प्रत वाचली.

"निर्दोष? दिसला, का वाटला?"

"तीनदा वाजला, मॅडम."

"तीनदा वाजलेला दिसला. निर्दोष वाटला." त्यांनी कागद परत दिला. "उद्या आपण दोघी जाऊ."

कारखान्यातल्या साहेबांना आमची गरज वाटत नव्हती. प्रकरण त्यांच्या दृष्टीने मिटलं होतं. म्हात्रे मात्र गेटवरच भेटले. सस्पेंड झालेल्याला रोज येऊन सही करावी लागायची. सही झाल्यावर ते बाहेर पारावर बसून राहत, कारण लवकर घरी गेलं तर गावात लोक विचारायचे.

"मॅडम, मी बटन दाबला नाय. पोरींची शप्पथ."

"शपथ नको. काय दिसलं ते सांगा."

"बॉक्सचा दिवा हिरवा व्हता."

"आणि?"

"आणि काय... आकडा गप व्हता."

"गप म्हणजे?"

"बॉक्सवर गॅसचा आकडा येतो ना, त्यातला शेवटचा कदी गप नसतो. शून्याचा एक, एकाचा शून्य, चाललेला असतो त्याचा. त्या दिशी लाईट आली तवापासून शून्यावर गप."

"हे चौकशीत सांगितलंत?"

"सांगितला ना. साहेब बोलला, शून्य म्हणजे गॅस नाय, मग तुला काय प्रॉब्लेम हाय?"

मॅडमनी त्यांना तो आकडा कसा हलतो ते बोटांनी करून दाखवायला लावलं. दोनदा. गेटवरचा वॉचमन बघत होता. मला लाज वाटली. मॅडमना लाज हा प्रकार फारसा माहीत नव्हता.

परतीच्या गाडीत बसलो आणि पहिल्याच स्टेशनवर, निडीला, त्या उठल्या. या वेळी मलाही उतरवलं. फलाटावर आमच्याशिवाय एक बाई आणि तिची टोपली होती.

"हिरवा दिवा कोण लावतं?" मॅडमनी विचारलं.

"पहिला कोअर." आमच्या प्रोसेसरला दोन कोअर होते, म्हणजे एकाच वेळी दोन कामं करणारे दोन भाग.

"आणि आकडा?"

"दुसरा."

"म्हणजे पहिला जागा होता, दुसरा पण चालत होता, नाहीतर बॉक्सने स्वतःला रीस्टार्ट केलं असतं. चालत होता, पण वाचत नव्हता." त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले. "या माणसाने त्या दिवशी कारखान्यात सगळ्यात नीट पाहिलंय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा बॉक्स टेबलावर मांडले. दर थोड्या वेळाने लाईट जावी आणि यावी, अशी सोय केली. अकरा बॉक्स विझायचे, अकरा लागायचे. आम्ही शेवटचा आकडा बघत बसायचो. मी शहाणपणा करून कोडमध्ये चारपाच ठिकाणी नोंदी घातल्या, म्हणजे बिघाड झालाच तर कुठे ते कळेल. दोन दिवस काहीही झालं नाही. मॅडमनी माझ्या नोंदी काढून टाकल्या. "तू बघायला गेलीस की तो नीट वागतो," म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पावणेबाराला, म्हणजे त्यांच्या जेवणाच्या वेळेला, सात नंबरचा बॉक्स लागला. दिवा हिरवा. आकडा शून्य. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो हलला नाही.

मॅडमनी उघडलेल्या डब्याला परत झाकण लावलं. "कुणी हात लावायचा नाही," त्या इतक्या जोरात म्हणाल्या, की खालच्या कारखान्यात घासणं थांबलं.

मेमरीत काय आहे ते पहिल्या कोअरकडून वाचलं. सूचना बदललेली होती, नवी, बरोबर: 'वाचायला जा.' आणि दुसरा कोअर जात नव्हता. लिहिलेलं बरोबर, वागणं जुनं. मी म्हटलं, असं होऊच शकत नाही. मॅडम म्हणाल्या, "होतंय ते दिसतंय. होऊ शकत नाही हे तुला वाटतंय."

प्रोसेसर प्रत्येक सूचना दर वेळी मेमरीतून आणत नाही. नुकत्याच वापरलेल्या सूचनांची एक प्रत जवळ ठेवतो. सूचना बदलली, तर सगळ्या कोअरना सांगावं लागतं, की जवळची प्रत टाका, नवी आणा. हे कुणी सांगितलं नाही, तर एखादा कोअर जुन्या प्रतीवरच चालत राहतो. बहुतेक वेळा ती प्रत आपोआप बदलली जाते, कधीतरी नाही. माझ्या नोंदींमुळे ती बदलली जात होती, म्हणून त्या असताना बिघाड यायचा नाही.

मॅडमनी सात नंबरला रीस्टार्ट केलं नाही. दुसऱ्या कोअरला फक्त एवढंच सांगितलं, की जवळची प्रत टाक. आकडा एक झाला. मग शून्य. मग एक.

मी टाळी वाजवली. मॅडमनी वाजवली नाही. त्यांनी मॉड्यूल सुरू होतानाचा कोड उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"कोअरना कळवायची ओळ कुठे आहे?"

ती ओळ तिथे नव्हती. ती मी काढली होती. सहा महिन्यांपूर्वी गिऱ्हाइकांची तक्रार होती, की लाईट आल्यावर बॉक्स लागायला फार वेळ घेतो. मी बराच कोड छाटला. कर्नलची सूचना बदलायची नेहमीची पद्धत सोडून सरळ त्या जागी लिहायला लागले. दोन्ही कोअरनी एकमेकांसाठी थांबायची भानगड नको म्हणून. वेळ निम्म्यावर आला. मालकांनी पेढे आणले होते.

मॅडमनी आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. "मंजूर मी केलं होतं," म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या. जेवल्या. मला जेवण गेलं नाही.

मालकांचं म्हणणं असं, की नवी आवृत्ती सगळीकडे बसवून टाकू आणि गप्प बसू. ते वाईट माणूस नव्हते. "मॅडम, नऊ घरं चालतात यावर," ते म्हणाले.

"बॉक्स दुरुस्त होतील. म्हात्र्यांचं काय?"

"त्यांना आपण थोडंच सस्पेंड केलंय?"

"आपण लिहून दिलंय, बॉक्स निर्दोष. आपल्या कागदावर."

मालक एक दिवस ऑफिसला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, मॅडमनी लिहिलेला दोन पानांचा अहवाल उभ्या उभ्या वाचला आणि सही केली. त्यानंतर त्या कारखान्याने आमच्याकडून काही घेतलं नाही. पुढच्या वर्षी दोन जणांना दुसरीकडे नोकरी शोधावी लागली. त्यातली एक मी. मॅडमनी नंतर वर्षभराने स्वतःच नोकरी सोडली. त्या अजून पेणलाच असतात. मी नवी मुंबईत.

अहवालात एक ओळ होती. 'बदल करणार' याच्यापुढे माझं पूर्ण नाव. 'बदल तपासून मंजूर करणार' याच्यापुढे त्यांचं.

"माझं नाव कशाला?" मी विचारलं.

"तू केलंस म्हणून."

"'आम्ही' लिहिता आलं असतं."

"आम्ही कोण? 'आम्ही' नावाचं कुणी आपल्या ऑफिसात कामाला नाही."

मी अकरा दिवस त्यांच्याशी कामापलीकडे बोलले नाही. त्यांच्या हे लक्षात आल्याचं मला दिसलं नाही.

कारखान्यातल्या चौकशीला आम्ही दोघी गेलो. मॅडमनी सात नंबरचा बॉक्स नेला होता. टेबलापलीकडे चार साहेब, एका कडेला म्हात्रे, इस्त्रीच्या शर्टात. मॅडमनी अहवाल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाच." मी वाचला. माझ्या नावाची ओळ आली तेव्हा एक साहेब म्हणाले, "हे कोण?" मी म्हटलं, "मी."

बाहेर आल्यावर म्हात्र्यांनी मला थांबवलं.

"तू केलास गो?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या घरची भाषा आपोआप तोंडात आली.

ते रागावतील अशी माझी तयारी होती. "दोन महिने कामाबिगर काढले," म्हणाले. "बायको काय बोलली नाय कदी. पण रातच्याला इचारायची, खरा सांगा, दाबला नाय ना?" मग म्हणाले, "एकदा येऊन सांग तिला. माझ्या तोंडून नको."

पुढच्या रविवारी मी गेले. एकटीच. त्यांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि आत बघून मोठ्याने म्हणाली, "मी कवा बोलले तुमी दाबला म्हणून?" मला जाताना तिने पापडाचं पुडकं दिलं, ते नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

म्हात्रे कामावर परत गेले. इकडे मॅडमना चैन नव्हती. माझ्यासारखं दुसरंही कुणी करू शकेल, आणि कर्नल त्याला अडवत नाही, हे त्यांना खुपत होतं. त्यांनी कर्नलमध्येच एक छोटी सुधारणा लिहिली: कोअरना न कळवता कुणी सूचना बदलली, तर ताबडतोब इशारा द्यायचा. कर्नल सांभाळणारी माणसं जगभर पसरलेली असतात; अशी सुधारणा त्यांच्याकडे पाठवायची, पटली तर ते घेतात. पाठवताना खाली कुणी लिहिली, कुणी तपासली, त्यांची नावं घालायची रीत आहे. आणि दोष कुणी कळवला, त्याचंही.

मॅडमनी तिथे म्हात्र्यांचं नाव घातलं. पण ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही परत रोह्याला गेलो. म्हात्र्यांची पहिली शिफ्ट सुटली आणि ते स्टेशनवरच आले, डबा हातात. मॅडमनी बाकावर लॅपटॉप उघडला.

"हे काय हाय?"

"हे जगात कुणीही वाचू शकतं. इथे तुमचं नाव राहील. दोष तुम्ही कळवलात म्हणून."

"मी कंप्लेंट कुठं केली? मी आपला सांगितला."

"त्यालाच कळवणं म्हणतात. चालेल का?"

म्हात्र्यांनी डबा खाली ठेवला, खिशातून चष्मा काढला आणि वाकून एकेक इंग्रजी अक्षर वाचायला लागले. त्यांचं बोट स्क्रीनपासून थोडं अलीकडे हलत होतं. त्यांनी काचेला हात लावला नाही. इतका वेळ गेला, की मला वाटलं, आता नको म्हणणार.

"मॅडम, यात चूक हाय."

चार वर्षांत मॅडमना असं म्हणताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. "कुठे?" त्यांनी विचारलं.

"वायच्या पुढं तुमी ए टाकलाय. माझा ई हाय." त्यांनी शर्टावर लावलेलं कंपनीचं कार्ड उलटून पुढे धरलं. "बापानं शाळेत तसा घातला. बावीस वर्सं कार्डावर तसाच हाय."

मॅडमनी कार्ड हातात घेऊन वाचलं. मग ए खोडला, ई घातला आणि लॅपटॉप पुन्हा त्यांच्याकडे वळवला. म्हात्र्यांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. शेवटपर्यंत गेले. चष्मा काढून खिशात ठेवला.

"हां," ते म्हणाले. "आता पाठवा."